हाडात शिरलेली मेंढरं

मी सायन्सचा माणूस. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हैदराबादेत राहून बी.एस्सी. केली, कुणाची शिफारस नव्हती. करणी, उतारा, अंगात येणं... यातलं काही मी तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितोय.

निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. परभणीतल्या एका दवाखान्यात मी लॅबोरेटरी सांभाळायचो. आमचे सर्जन एका रोगाचा अभ्यास करत होते. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा मोडतो, पाय वर्षानुवर्षं सुजत जातो आणि जखमांतून बारीक काळे दाणे गळतात. असा पाय तेव्हा सरळ कापायचे. डॉक्टरांचं म्हणणं — दाणे हाडात गेले नसतील, तर नुसतं खराब मांस काढून पाय वाचवता येईल. म्हणून आधी हाडाचा तुकडा काढायचा, आणि निकाल माझ्या मायक्रोस्कोपखाली लागायचा.

झरीकडचे बिरूमामा मेंढपाळ. त्यांच्या हाडाची स्लाईड मी पाहिली, डॉक्टरांनीही पाहिली. हाडाच्या मधोमध काळे दाणे.

"पाय जाणार," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी घेऊ."

दुपारी मामा काठी टेकत लॅबमध्ये आले.

"साहेब, पाय गेल्यावर मेंढरामागं कोन हिंडंल? बायको? ती तं माझ्याच मागं हिंडून दमली." मग हळूच म्हणाले, "त्या नळीत काय हाय, मला दाखवा तं खरं."

खिडकीतलं ऊन मायक्रोस्कोपच्या आरशावर घेऊन मी स्लाईड लावली. बाहेर लिंबाची सावली हलत होती. मामा कितीतरी वेळ डोळा लावून उभे.

"ही तं मेंढरं हायत! ह्यो गुलाबी पट्टा कशाचा?"

"ते तुमचं हाड, मामा."

"म्हंजे उभ्या पिकात शिरलेत. आन् तुमी हाकलायचं सोडून रानच कापायलात व्हय?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. नळीजवळ तोंड नेऊन त्यांनी जिभेनं टकटक केलं आणि एक लांब, मऊ हाळी दिली, झोपलेल्या लेकराला हाक मारावी तशी. खोलीतला फॉर्मलिनचा वास कुठं गेला कळलं नाही. ओल्या लोकरीचा, तुडवलेल्या गवताचा वास आला. लांब कुठं तरी घुंगरू वाजत होतं... मग ऊन सरकलं, आरसा विझला आणि मामा वॉर्डात गेले.

सकाळी ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा डोळा लावला.

"काय ग्रॅज्युएट, ही कुणाची स्लाईड लावलीस?"

"बिरूमामांची. काचेवर नंबर मीच कोरलाय."

"हाडात एकही दाणा नाही."

मी पाहिलं. सगळे दाणे गुलाबी पट्ट्याबाहेर, एका कडेला, एकमेकांना खेटून उभे होते. फॉर्मलिनमध्ये मेलेलं, मेणात बसवून कापलेलं, काचेखाली चिकटवलेलं मांस ते! त्यात हलणार काय?

डॉक्टरांनी पाय उघडला. हाड स्वच्छ. मांस काढलं, पाय राहिला. पण अभ्यासातून त्यांनी ही केस वगळली. दोन दिवसांत दोन निकाल देणारी स्लाईड कोण मान्य करणार? जाताना मामा त्यांना म्हणाले, "तुमच्या अभ्यासात माझा पाय न्हाई तं न्हाई. माझ्याजवळ हाय, लय झालं."

स्लाईड मी ठेवून घेतली. कधीमधी पाहायचो — दाणे त्याच कडेला, तसेच.

पुढं बऱ्याच वर्षांनी मामा गेल्याचा निरोप झरीहून आला. त्या दुपारी मी स्लाईड लावली. गुलाबी पट्टा होता, भोवतीचं मांस होतं, दाणा एकही नव्हता. रंग उडाला म्हणावं, तर तो काळेपणा आम्ही दिलेला रंग नव्हेच, दाण्यांचा स्वतःचा होता... तो उडत नाही. आणि काच कुठंही तडकलेली नाही.

कुठं गेले, मला सांगता येत नाही. बी.एस्सी. असूनही.