ओटीतली लेक

कुठलाही कागद हातात आला, की वाचायच्या आधी आमचे शेजारी भाऊजी त्याचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळून बघत. लग्नपत्रिका असो, लाइटबिल असो. उभी हयात नेपाळात सोनं गाळण्यात गेली, त्यामुळे खरं-खोटं बोटांना कळतं असा भरवसा. "लागू द्या कस, वैनी. आपलं बावनकशी हाय," हे पालुपद.

मूलबाळ नव्हतं. तिकडं दुकानाशेजारची बाई बाळंतपणात गेली आणि तिच्या नवऱ्यानं आठवड्याची पोर भाऊजींच्या बायकोच्या ओटीत घातली. नारळ, पेढे, पाच सवाष्णी, झालं दत्तक! पुढं धंदा आवरून तिघं गावी, पलूसला आली. त्या सरहद्दीवर आपल्या माणसाला कुणी पासपोर्ट मागत नाही, मग तान्ह्या पोरीला कोण विचारतंय?

विचारलं सोळाव्या वर्षी. पोरीला नर्स होऊन परदेशी जायचं होतं, म्हणून पासपोर्टाचा अर्ज केला. खिडकीतली बाई म्हणाली, "काका, मुलगी तुमची असेल, पण भारताची नाही. आधी नागरिकत्व घ्या. अठरा पूर्ण व्हायच्या आत अर्ज करा, नंतर फार अवघड."

"आवं, आईबाप हितलं, मग लेक तितली कशी?" असं म्हणून भाऊजींनी पोर ओटीत घातल्याचा फोटो पुढं सरकवला.

"फोटो नको. दत्तकाचा सरकारी कागद आणा."

अर्ज लिहायला मी. शिक्षण सातवीपर्यंतच, पण अक्षर बरं. सांगलीला एसटीनं किती खेपा घातल्या, विचारू नका. भाऊजी कचेरीच्या बाकावर चपला काढून, देवळात बसावं तसे मांडी घालून बसायचे. आज शिक्का पुसट, उद्या भाषांतर नाही, परवा साहेब नाहीत. माझे गुडघे बोलायला लागले.

एकदा वैतागून म्हटलं, "भाऊजी, तेव्हाच कागद केला असता तर?"

ते म्हणाले, "वैनी, कागद जमिनीचा करत्यात. लेकीचा करत्यात व्हय?"

मी पुढचा अर्ज लिहायला घेतला.

भाऊजी दोनदा नेपाळला गेले. पोरीचा जन्मदाता शोधला, त्याची सही घेतली, तिथल्या कोर्टाचा कागद आणला. पोरीला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने असताना फाइल दिल्लीला गेली. मग वाट बघणं. रोज सकाळी कुंपणावरून हाक, "वैनी, आलं का काय?"

एका सकाळी हाक आली नाही. त्यांची बायको आली, अनवाणी.

कागद भाऊजींच्या तेराव्यानंतर आला. पोरीला घेऊन मीच सांगलीला गेले. साहेबानं सही घेऊन तिच्या हातात दिला. पोरगी ना हसली, ना रडली. कागदाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळत राहिली.

"अगं, वाच की आधी," मी म्हटलं.

"वाचते, काकू," ती म्हणाली. पण बोटं काही थांबली नाहीत.