मागचं गटार, पुढचा फोटो

सरकारी माणूस गोड बोलायला लागला की मी आधी सावध होते. त्यामुळे वॉर्ड ऑफिसातल्या नव्या इंजिनिअरने पहिल्याच रिंगला फोन उचलून "हां अक्का, सांगा" म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बंगळुरात बनशंकरीतल्या आमच्या घरामागचं गटार तुंबलं होतं. शेजारच्या पीजी हॉस्टेलात सकाळच्या आंघोळी सुरू झाल्या की घाण पाणी आईच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकायचं. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला वरच्या मजल्यावर हलवायचीही सोय नव्हती. पाणी आत शिरण्याआधी गटार मोकळं व्हावं, एवढंच माझं मागणं होतं.

आधीचा इंजिनिअर फोनच घ्यायचा नाही. ह्याचा मात्र, पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली की दुपारच्या आत 'काम पूर्ण' असा मेसेज, वर फोटो. फोटोत स्वच्छ गटार, आमचं फाटक आणि मी घातलेली रांगोळी. म्हणजे पुढचं गटार. ते कधी तुंबलंच नव्हतं. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा तेच गटार, फक्त रांगोळी नवी.

पीजीवाल्याशी ह्याचं साटंलोटं असणार, असं ठरवूनच मी ऑफिसात गेले. तो उठून उभा राहिला, कॉफी मागवली. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

"मागचं गटार कोण काढणार?" मी कन्नडमध्ये विचारलं.

"अक्का, संध्याकाळच्या मीटिंगला वरचे साहेब एवढंच विचारतात, तक्रारी किती बंद केल्या. बंद करायला मला माणूस दिलाय. गटार काढायची गाडी मागून मागून थकलो. स्वल्प, थोडं सांभाळून घ्या."

तो खरं बोलत होता की मला गुंडाळत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात पाणी उंबरा ओलांडून आत आलं. आई पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, मी बादलीने उपसत होते. तेवढ्यात मेसेज आला: तक्रार निकाली निघाली आहे, सेवा कशी वाटली, तारे द्या. मी एकच तारा देणार होते.

"पाच दे," आई म्हणाली.

"आई, तुझ्या पलंगाखाली गटार आलंय."

"दिसतंय मला. कमी दिलेस तर त्याची बदली करतील. मग येणारा फोन तरी घेईल का?"

मी पाच तारे दिले आणि तशाच ओल्या हाताने त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"हां अक्का, सांगा."