ताजा हिरवा रंग

कळव्याचे हिराजी कोळी होडी पारखण्यात वाकबगार. जिला दरवर्षी रंग दिला जातो ती होडी मालकाने जपलेली, हा त्यांचा अनुभव. १९५२ साली कल्याणला लष्करी लिलावातली एक जुनी मोटारसायकल विकायला निघाली. तिची देखभाल कोणी, कशी केली, हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. पण टाकीपासून इंजिनापर्यंत ताजा हिरवा रंग होता. हिराजींनी त्यावरच विश्वास ठेवला आणि गाडी घेतली.

त्यांचे सासरे भिवाजी त्यांना चारचौघांत "वाऱ्यावर चालणारा जावई" म्हणत, कारण शिडाच्या होडीखेरीज हिराजींकडे वाहन नव्हते. ते तोंड बंद करायचे म्हणून नारळी पौर्णिमेला त्यांनी सासऱ्यांनाच मागे बसवले आणि खाडीकडे निघाले. सारा कोळीवाडा बघत होता. देवळासमोर गाडी बंद पडली. ती सुरू करायला लाथा मारता मारता इंजिनावरचा रंगाचा पोपडा सुटला, खालची चीर उघडी पडली आणि काळे तेल भिवाजींच्या नव्या धोतरावर उडाले.

"जावईबापू, ही होरी असती तर आता पोहत असतो आपण," भिवाजी म्हणाले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"तुम्ही चालत व्हा पुढे," हिराजी पुटपुटले.

"एकट्याला ढकलवेल का तुला? चल."

सासऱ्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे हिराजींना वाटले. पण म्हातारा नारळ काखेत धरून मागून गाडी ढकलत होता, आणि हिराजींना खाडी येईपर्यंत मागे वळून बघवले नाही.