मनगट वळवायचं नाही

वरठीच्या स्टेशनाबाहेर मी पत्रकं वाटत होते. पाळी धरायला निघालेले कामगार सायकलवरून न उतरताच हात पुढे करतात, कागद घेतात आणि पुढच्या वळणावर टाकून देतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी वाटते. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राला डॉक्टर का मिळत नाही, असा त्या दिवशीच्या पत्रकाचा मथळा होता, आणि तो मीच लिहिला होता. गर्दीतून गणपत आला. गणपत गावातला आमचा शेजारी, जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला. वरठी काही त्याच्या वाटेवर नाही, म्हणून मी नुसती बघत राहिले. त्याने सायकल भिंतीला टेकवली, माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला आणि म्हणाला, "आण इकडे, हे मी वाटतो. तू घरी जाय. वासू गेला." मी निघाले. मागे वळून पाहिलं तर गणपत खरोखरच पत्रकं वाटत होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच.

वासू म्हणजे वासुदेव, माझा चुलत भाऊ, मोठे बाबांचा एकुलता एक मुलगा. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला वासूभाऊ म्हणायची. तिशीही गाठली नाही त्याने. तेरवीच्या दिवशी एक पुढारी उभे राहिले आणि म्हणाले, वासुदेव झुंजार होता, त्याने आजारावर मात करून धनुष्यबाणात नाव काढलं. खोटं आहे हे. त्याने कशावरही मात केली नाही. आजाराने त्याला मारलं, आणि आजाराच्या मदतीला पुष्कळ लोक होते. नाव तर त्याला कुणी काढूच दिलं नाही. मेलेल्या माणसाला झुंजार म्हटलं की जिवंतपणी त्याच्यासाठी काय करायला हवं होतं हा प्रश्न मिटतो, म्हणून तो शब्द इतका स्वस्त झाला आहे. मी स्वतः या आजारावर एक पत्रक लिहिलं होतं. वासूभाऊने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "अवं पत्रकबाई, याच्यात मी कुठी आहो? याच्यात त रोगच रोग आहे." त्याचं हे म्हणणं राहून गेलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. याच्या खाली मागण्या नाहीत.

आम्ही शाळेत होतो ती सत्तरच्या दशकातली वर्षं. हुतूतू असो की विटीदांडू, वासूभाऊ बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बसून आमचे कपडे सांभाळायचा. धावला की त्याचे गुडघे धरायचे. पावसात भिजला, थंडीत उघडा राहिला, की हाडं आतून कुणी पिळतंय असा ओरडायचा. डोळे पिवळे. कुणी म्हणालं कावीळ, कुणी म्हणालं वात, आणि बाकी सगळे म्हणाले नाटक. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, लावायच्या रोवणीच्या दिवसांत सगळं गाव गुडघाभर चिखलात, आणि हा घोंगडी पांघरून ओसरीवर. "दुसऱ्याचे पोट्टे पऱ्हे वायून राहिले, अन् आमचा जवाई बसून आहे," असं मोठे बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे. ते दुष्ट नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे खूप उशिरा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं, सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस तळमळतो. हे ऐकून दवाखान्याच्या पायरीवर बसल्या बसल्या वासूभाऊ म्हणाला, "रगतात इळे आहेत म्हणते डाक्टर. एवढे इळे असून मले धान कापाले काहून कोणी बोलवत नाही?" मी हसले.

एक काम मात्र त्याला यायचं. धानात दाणा भरला की पोपटांचे थवे उतरतात, आणि बांधावरच्या मचाणावर कुणीतरी दिवसभर राखण बसावं लागतं. हे काम म्हाताऱ्यांचं किंवा लेकरांचं. वासूभाऊ मिसरूड फुटल्यावरही तिथेच बसायचा, गुलेल घेऊन. गुलेल म्हणजे ते रबराचं बेचकं नव्हे. बांबूची कमानच असते, पण तिला दोन दोऱ्या, आणि मधोमध मातीची वाळलेली गोटी धरायला सुतळीची इवलीशी झोळी. गोटी सुटते त्याच क्षणी कमान धरलेलं मनगट बाजूला वळवावं लागतं, नाहीतर गोटी थेट आपल्याच अंगठ्यावर बसते. वासूभाऊचं मनगट झोपेतही वळलं असतं. उडता पोपट तो पाडत नसे. थव्याच्या पुढच्या फांदीवर गोटी मारायचा, आणि अख्खा थवा हवेतच फिरायचा.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. गणपत एकदा त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून जवाहरनगरला घेऊन गेला. तिथल्या मैदानावर बिस्वास सर नावाचे एक बंगाली गृहस्थ, स्वतः कारखान्यात फिटर, संध्याकाळी कामगारांच्या मुलांना धनुष्यबाण शिकवायचे. तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे बांधून केलेलं निशाण, त्यावर रंगीत गोल कागद. वासूभाऊ परत आला तो वेगळाच. ओसरीवर मला म्हणाला, "त्याच्यात धावा लागत नाही वं. जो हालत नाही तो जितते. असा खेळ असते, हे मले कोणी काहून नाही सांगतलं आतापर्यंत?" त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. इतरांच्या ओळीत उभं राहून एक डाव पुरा खेळायचा. पहिला बाण ते शेवटचा बाण, मध्ये कुणी येऊन त्याला खाली बसवायचं नाही. जिंकण्याची गोष्ट त्याने कधी काढली नाही.

पहिल्या दिवशी दोरीचा फटका बसून डाव्या हाताच्या आतल्या बाजूला वांगं उगवावं तशी जांभळी गाठ आली. पहिला बाण त्याच्याच पायाशी पडला. शाळेतल्या पोरांना काय, आयती करमणूक. "काका, पुढे मारायचा असतो!" मग बाण जाऊ लागले, पण सगळे डावीकडे. निशाणाच्या डावीकडे एक कडुलिंब होता, त्यात वासूभाऊचे बाण जाऊन रुतायचे, तेही अगदी एकाच जागी. बिस्वास सर बाण उपटता उपटता म्हणाले, "भाई, इस पेड़ ने तुम्हारा क्या बिगाड़ा है?" उभं राहणं बघितलं, खांदा बघितला, डोळा बघितला. काही केल्या कारण सापडेना. शेवटी सरांनी विचारलं, याआधी काय चालवायचास? दुसऱ्या दिवशी वासूभाऊ गुलेल घेऊन गेला, लांबच्या खांबावर लटकवलेला डबा पहिल्याच गोटीत वाजवला. पोरांची तोंडं बंद. सर म्हणाले, "लाओ, हम भी देखें." सरांनी ओढली, सोडली, आणि अंगठा तोंडात घालून मैदानावर एका पायावर नाचू लागले. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. सर ओरडत होते तेही तेच, "कलाई! कलाई घुमाते हो तुम!" मनगटाच्या ज्या वळवण्याने इतकी वर्षं त्याचा अंगठा वाचला होता, तेच बाणाला झाडात नेत होतं.

सवय मोडायला त्याने काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बांबूची एक कांब चपटी तासली, डाव्या मनगटाला लावली, आणि माझ्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून माझ्याकडून घट्ट बांधून घेतली. ती बांधूनच जेवायचा, बांधूनच झोपायचा. आणि त्याने गुलेल सोडली. हे गावाला कळलं नाही, मोठे बाबांना तर अजिबात नाही. जे एक काम त्याला सगळ्यांपेक्षा चांगलं यायचं तेच टाकून तो मचाणावर रिकामा डबा बडवत बसला. पोपट डब्याला दोन दिवस भितात, तिसऱ्या दिवशी त्यांना ते संगीत वाटतं. मोठे बाबा बांधावरून ओरडले, "अबे, गुलेल कायले ठेवली घरी? पाखरं जेवून राहिले न तू बाजा वाजवून राहिला!" वासूभाऊ वरूनच म्हणाला, "बाबा, एक साल खाऊ द्या त्यायले." मोठे बाबा तसेच बांधावरून परतले. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलेलं त्यांनी ऐकलं होतं.

रविवारी मी गावी गेले की तो सरांकडून सरावाला आणलेलं धनुष्य माझ्या हातात द्यायचा. मला कधीच नेमका बाण मारता आला नाही, पण त्याला कुणाचं तरी मनगट समोरून बघायचं असायचं. "मनगट वळवाचं नाही. बाण गेल्यावरही नाही. निशाणात बसल्याचा आवाज येऊ दे, मंग हाल." बोडीच्या पाळीवर मला तो हे पुन्हा पुन्हा करायला लावायचा, कित्येकदा बाण न लावताच. मला कंटाळा यायचा. मोर्चे, सभा, बैठका यांतून वेळ काढून मी तिथे हवा ओढत उभी. "तुमच्या मोर्च्यात पाय हालवाले लागते, इथं नाही, एवढंच," तो म्हणायचा.

मग गेल्या पौषात भंडाऱ्याला जिल्ह्याच्या संघाची निवड झाली. कोणी भरवली होती त्यांची नावं मी लिहीत नाही, लिहिली तर तेच पुन्हा कुठल्या तरी मंचावर हार घालून घेतील. खेळाडूंना सकाळी उन्हं यायच्या आधी बोलावलं. अर्ध्या बाह्यांचे बनियन सक्तीचे. ओळीत उभं केलं, आणि मग थांबवलं, कारण उद्घाटनाचे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांच्या हातून पहिला बाण सुटल्याशिवाय दुसरा कुणी बाण लावायचा नाही. मैदानावर दव, वाऱ्याला धार. मी दोनदा मंचाकडे गेले, सांगितलं की या मुलाला आजार आहे, याला थंडी चालत नाही, स्वेटर घालू द्या. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, खेळाडू म्हणजे काटक पाहिजे." पाहुणे आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. त्यांनी धनुष्य उलटं धरलं. फोटो निघाला. टाळ्या झाल्या.

वासूभाऊने बाण लावला तेव्हाच त्याचे ओठ निळसर दिसत होते. पहिले काही बाण गेले... आणि ते डावीकडे गेले नाहीत. एकही नाही. वरखाली असतील, पण सगळे एका उभ्या रेषेत, निशाणाच्या पोटात. माझ्या शेजारी बिस्वास सर उभे होते, त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. मग पुढच्या बाणाला त्याची बोटं दोरीवर वळेनात. धनुष्य मांडीला टेकवून त्याने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून दोरीवर बसवली. ओढली, आणि ती आपोआप सुटली. तो खाली वाकला, गुडघ्यांवर, मग कुशीवर. पंचाने शिट्टी वाजवली आणि दोन जण येऊन त्याला ओळीतून बाहेर घेऊन गेले. तेच, जे त्याला एकदा तरी चुकवायचं होतं. चादरीत गुंडाळून त्याला सरकारी दवाखान्यात नेत होतो तेव्हा दात वाजवत त्याने सरांना विचारलं, "सर, कलाई?" सर म्हणाले, "नहीं घूमी, बेटा. एक बार भी नहीं." त्याने डोळे मिटले. पुन्हा उभं राहायची संधी मिळेल असं तेव्हा आम्हाला वाटत होतं.

मिळाली नाही. पावसाळाभर तो येऊन-जाऊन अंथरुणावरच होता, आणि दसरा झाल्यावर एका पहाटे छातीत कळ आली. आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. जो कर्मचारी होता त्याने अंगदुखीचं इंजेक्शन दिलं. केंद्राची जीप कुठल्या तरी शिबिराच्या कामाला गेली होती. मोठे बाबांनी बैलगाडी काढली, सडकेवर एक ट्रक थांबवला. भंडारा यायच्या आधीच संपलं. त्याच वेळी मी वरठीला, डॉक्टर का नाही हे छापील अक्षरांत लोकांना सांगत होते.

आता धान पिकलं आहे. पोपट आले आहेत, त्यांना सुतक नसतं. मी काही दिवस गावीच राहिले, आणि मोठे बाबा म्हणाले, "पोरी, तू बस मचाणावर. मले त्याच्यावर चढवत नाही." चढवत नाही म्हणजे पाय दुखतात असं नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. घरात ठेवलेली गुलेल मी येताना आणून मचाणाच्या आडव्या वाशाला टांगली होती, खाली कोपऱ्यात तो चेपलेला डबा. समोर थवा उतरला. मी गुलेल काढली, झोळीत गोटी धरली, ओढली आणि सोडली. माझं मनगट वळलं नाही. जराही नाही. गोटी सरळ माझ्या अंगठ्यावर बसली. माझ्या ओरडण्याने पोपट उडाले तेवढेच.

खाली मोठे बाबांनी अंगठ्यावर हळद लावून चिंधी बांधली. नख काळं पडत चाललं होतं, ते उलटसुलट करून बघत म्हणाले, "मनगट वळवा लागते, येडे. एवढं नाही शिकवलं त्यानं?"

मी म्हणाले, "हेच शिकवलं, मोठे बाबा."

त्यांनी चिंधीची गाठ मारली, मग सोडली, मग पुन्हा मारली... दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मी खाली आणलेली गुलेल मोठे बाबांनी घरी आढ्याला खोचलेली, आणि मचाणावर नुसता डबा. मी तोच वाजवते आहे. पोपट खातात ते खातात. मोठे बाबा बांधावरून जाता येता वर बघतात आणि पुढे चालू लागतात.