होळीच्या दिवसाचा पेपर

कुणी माझ्या रुपावर ओरडलं तर ती काय करेल, ही काळजी माझ्या डोक्यातून जात नाही. ती दुसरीत होती तेव्हापासून. वर्गातली पोरं डबा पळवायची आणि ही उपाशी घरी यायची. "वहिनी, पोरगी मुकी शे का?" माझी नणंद रंजनाबाई पाहुण्यांसमोर विचारायची.

दोन वर्षांपूर्वी रुपा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कंत्राटी कारकून म्हणून लागली. आमचं प्रकाशा गाव सोडून तिथेच खोली घेऊन राहते. विभागाचं सगळं काम एका चॅट ॲपवर चालतं. साहेब सूचना टाकतात, खाली बाकीच्यांचे अंगठे उमटतात. रुपाही अंगठाच देत आली.

परवा उन्हाळी परीक्षेचं वेळापत्रक आलं. अठ्ठावीस अंगठे. रुपाने कागदावर छापून नोटीस बोर्डसाठी शिपाई जामसिंगच्या हातात दिलं. शिपायांना त्या ॲपवर खातं नाही. जामसिंग सातपुड्यातल्या काठी गावाकडचा, जिथली आदिवासींची होळी मोठी. वाचून हसलाच.

"ताई, होळीला दुपारी दोनला पेपर? आमची पोरं तेव्हा काठीच्या वाटेवर असतील."

"सुट्टी धुळवडीची असते ना, काका."

"ती तुमची. आमची होळी रात्र सरून दुसऱ्या पहाटे पेटते, आदल्या दिवसापासून माणसं चालत येतात. नवसाची पोरं तर कितीतरी दिवस पाळणी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. ती पेपरला बसतील?"

रुपाने डोंगरातल्या परीक्षा केंद्राला फोन केला. त्या पेपरला एकशे चौदा विद्यार्थी. मग तिने सगळ्यांच्या चॅनेलवर लिहिलं, जिथे साहेबांशिवाय कुणी लिहीत नाही: होळीच्या दिवशी पेपर ठेवू नये. कारण. आकडा. खाली नाव.

एकही अंगठा नाही. वरच्या साहेबांच्या नावापुढे 'टाइप करत आहेत' असं दिसायचं आणि विझायचं. तासाभराने तिने मला फोन केला. मी घाबरले.

"पुसी टाक ते, रुपा! करार एप्रिलमा संपस तुन्हा."

"नही पुसस मी, माय. लिखेल शे ते खरं शे."

इतकं बोलून तिने फोन ठेवला.

आज संध्याकाळी तिने मला सुधारित वेळापत्रकाचा फोटो पाठवला. पेपर आठवडाभर पुढे. खाली साहेबांनी लिहिलंय, "रुपा पाटील यांनी वेळेवर लक्षात आणून दिलं. यापुढे वेळापत्रक काढण्याआधी त्यांना दाखवावे." त्याखाली एकेचाळीस अंगठे! मी दोनदा मोजले. जामसिंगकाकांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला, एवढं तिने मागाहून कळवलं.

कराराचं अजून कुणी काही बोललेलं नाही. पण माझी मुलगी बोलली, आणि मीच तिला गप्प बसायला सांगितलं होतं.

अकरा वाजून गेलेत. ती झोपली असेल तर उठेल. रंजनाबाईंना सकाळी सांगते, आधी रुपाला फोन लावते. मी चुकले, हे तिला आजच ऐकू दे.