कंसातलं तळेगाव

"कंसात काय हाये, थे सांग."

स्टँडवर कुणी तिला म्हणालं, "मावशी, तळेगावची गाडी लागली," की ती एवढंच विचारायची. सांगणारा गोंधळायचा. कंसात काय आहे हे गाडीत बसणाऱ्या किती जणांनी आजवर पाहिलं असेल?

वर्धेकरांना सांगायला नको, पण तुमच्यातल्या बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात तळेगावं एकाहून जास्त. आष्टी तालुक्यातलं मोठं तळेगाव, ज्याच्यापुढे पाटीवर कंसात 'श्यामजी पंत' लिहितात, ते तिचं माहेर. दुसरं भलत्याच दिशेला. तिचा भाऊ वारल्याचा निरोप आला तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. एका भल्या माणसानं "तळेगाव ना, ही काय," म्हणत तिला गाडीत चढवून दिलं. ती दुसऱ्या तळेगावात उतरली. तिथून उलटी फिरून माहेरी पोचली तेव्हा लोक मातीवरून परतून आंघोळी करत होते.

"भावाचं तोंड पाह्यलं नाई मी," ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगायची. "मंग शिकलो." आमच्याकडच्या बाया 'शिकलो'च म्हणतात.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या कडेला तिच्या घरचा भाजीचा मळा होता. पन्नाशीच्या घरात असताना ही बाई वांगी तोडून, बाजार करून, संध्याकाळी साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसली. शेजारचीच एक पोरगी शिकवायची. कंस वाचता येईस्तोवर हिनं वर्ग सोडला नाही. पुढे काही वर्षं ती एकटी माहेरी भावजयीकडे जाऊन यायची, स्वतः पाटी वाचून. आणि मग डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. नशीब म्हणतात ते हेच, दुसरं काय.

माझी तिची ओळख इथून पुढची. मी वर्ध्याला डोळ्यांच्या एका दवाखान्यात होतो. व्हरांड्याच्या टोकाची खोली माझी. ज्याला ऑपरेशन नाही, औषध नाही, चष्मा नाही, त्याला डॉक्टर माझ्याकडे पाठवत. माणूस दहा दारं हिंडून आलेला असे आणि मला म्हणे, "आता तुम्हीच काय ते करा." मी काय करणार? गेलेली नजर मला आणता येत नव्हती. मधलं गेलं तरी कडेचं शाबूत असतं, त्या कडेनं पाहायला शिकवायचं, एवढंच माझं काम. जे पाहायचं त्याच्याकडे पाहायचं नाही, जरा वर किंवा बाजूला पाहायचं, म्हणजे ते दिसतं. हे वाक्य मी इतक्यांना सांगितलं की बोलता बोलता मलाच जांभई यायची. बहुतेक लोक दुसऱ्या खेपेला यायचेच नाहीत. मलाही त्यांचा राग येत नसे, थकवा येई.

ही मात्र येत राहिली. बाजार उरकून, रिकामी टोपली घेऊन, दारातच बसायची.

"माझ्या नाकाकडे पाहा. काय दिसतं?"

"नाक नाई दिसत. कान हाये दोन."

"आता माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहा. घड्याळ वाचू नका, नुसती नजर तिथं ठेवा."

तिनं ठेवली.

"मिशी हाये तुले?" ती म्हणाली. "मले वाटलं, पोरगा असशील."

चेहरे असे जमायला लागले. वाचणं काही जमेना. ती वर्गातलं जुनं पुस्तक आणायची आणि अक्षराखाली बोट ठेवायची. 'बोट अक्षराखाली, डोळा बोटावर' असं त्या पोरीनं शिकवलेलं. लहानपणी शिकलेल्याचं बोट आपोआप सुटतं, हिचं सुटलं नव्हतं. बोट अक्षरापाशी गेलं की डोळा मागून जाणार, आणि नेमका तिथंच खड्डा. मी म्हणायचो, बोट उचला. ती उचलायची आणि ओळच हरवून बसायची.

"बोटाशिवाय नाई होत भाऊ. आंधळ्याची काठी काऊन घेतं तू?"

असे कितीतरी बाजारवार गेले. एका दुपारी लाइट गेलेली, पंखा बंद, मी वैतागलेलो. आता हिला सांगून टाकावं की मावशी, पुरे झालं, पोराला सोबत न्या, असं मनात होतं. तिचं बोट परत अक्षराखाली गेलं. मी ते धरलं आणि वरच्या ओळीवर नेऊन ठेवलं. राहू दे तिथंच, म्हटलं.

ती हलली नाही. मग सावकाश म्हणाली, "कमळ."

बोट वरच्या ओळीत, डोळा बोटावर, आणि अक्षर खालच्या ओळीत. पुढचा शब्द तिनं चाचरत काढला, त्याच्या पुढचा चुकला, तो परत काढला. मी उठून खिडकीपाशी गेलो. माझे डोळे भरून आले होते आणि तिला आता मिशी दिसत होती, म्हणजे तेही दिसलं असतं.

"खालच्या मजल्यावर राहून राह्यलं नं अक्षर," ती म्हणाली, "अन् मी वरच कडी वाजवत होतो."

(तिचं हे बोलणं उलटं होतं, इतके दिवस ती खालीच कडी वाजवत होती. मी दुरुस्त केलं नाही.)

त्यानंतर बाजारात ती बोट वर करून दुकानांच्या पाट्या वाचत फिरायची. बोट पाटीच्याही वर, आभाळाकडे. येणारेजाणारे थांबून वर पाहायचे, वर काही नसायचं. भाजीवाल्या बाया म्हणायच्या, बुढी देवाशी भांडून राह्यली. तिचा पोरगा वैतागायचा. "मी गाडीवर नेऊन सोडतो नं तळेगावले," म्हणायचा. ती पुढच्या पाटीच्या वर बोट धरायची.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाजीबाजारात तिच्या जागेवर सून बसते. मला मात्र ती आठवते स्टँडवरची.

दिवाळीनंतरची दुपार. मी कामाला आलो होतो, बघतो तर ही फलाटाच्या टोकाशी, टोपलीत भावजयीसाठी वांगी, आणि बोट वर. समोर तळेगावची गाडी. भोंग्यावर पुकारा झाला होता, पण भोंगा कंस सांगत नाही. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिचे ओठ हलत होते. त... ळे... कंडक्टर चढला. मला सगळी पाटी स्वच्छ दिसत होती. एक शब्द बोललो असतो तर ती बसली असती. पण तोंड मी दाबून धरलं. घंटी वाजली. गाडी हलली, वळली, गेली.

"श्यामजी पंत," ती म्हणाली.

मी पुढे झालो. "मावशी, गेली हो."

"तू होता काय?" तिनं माझ्या टाळूकडे पाहिलं. "गेली तर गेली. वाचली नं मी."

दुसरी गाडी येईस्तोवर आम्ही बाकावर बसून राहिलो. तिनं मला वांगी देऊ केली, मी घेतली. पुढची गाडी लागली तेव्हा मी मुद्दाम खाली, चपलांकडे पाहत बसलो. खूप वेळ गेला, निदान मला तसं वाटलं. मग बाजूची टोपली उचलली गेली.

"येतो भाऊ. बरोबर हाये कंस."

ती खिडकीत बसली. गाडी निघताना मी हात केला. तिनं माझ्या डोक्यावरून, पार वर, फलाटाच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि हसली. आजूबाजूचे दोघे-तिघे पत्र्यांकडे पाहायला लागले. मला माहीत होतं, ती मलाच पाहत होती.