भिंतीकडचा पाईप

मला राग यायला फार मोठं कारण लागत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. कॉलेजच्या ऑफिसात आयुष्यभर खिडकीमागे बसून माणसांना 'उद्या या' म्हणत आले, त्याचा हा परिणाम आहे असं माझ्या मुलाचं मत. असेल. पण जिन्याच्या रेलिंगवरून मी जे काही बोलले, त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

आमचं रो हाऊस पाथर्डी फाट्याच्या पुढे आहे. खाली हॉल, किचन आणि एक लहानशी खोली, वर बेडरूम आणि गॅलरी. हॉलमधूनच जिना वर जातो. त्याच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी रेलिंग, त्यावर सागाची पट्टी. वर चढताना रेलिंग डाव्या हाताला येतं आणि भिंत उजव्या हाताला. उतरताना अर्थात उलटं. हे कुणी लक्षात ठेवण्यासारखं आहे का? पण गेलं दीड वर्ष आमच्या घरातल्या एका माणसाचं सगळं यावर अवलंबून होतं.

दीड वर्षापूर्वी यांना पॅरालिसिसचा झटका आला. तोवर माझा नवरा घरात सापडायचाच नाही. द्राक्षबागांची औषधं विकायचा धंदा, दिवसभर मोटरसायकलवर दिंडोरी, पिंपळगाव, बांधाबांधावर चहा. झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालू लागले आणि शब्द तोंडाशी येऊन अडकायला लागले. पण वरची खोली यांनी सोडली नाही. सकाळी खाली यायचं, फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचा, हे यांना हवंच होतं. वर चढताना चांगला डावा हात रेलिंगवर असायचा, त्यामुळे प्रश्न नव्हता. उतरताना मात्र रेलिंग उजवीकडे, म्हणजे लुळ्या हाताकडे. म्हणून व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरांनी यांना उलटं उतरायला शिकवलं. तोंड जिन्याकडे, पाठ हॉलकडे, डावा हात रेलिंगवर, आणि एकेक पाय मागे टाकत खाली. मी रोज सकाळी खाली उभी राहायचे, यांच्या पाठीमागे, दोन्ही हात पुढे करून.

कोणी घरी आलेलं असलं की हे वरच थांबायचे. पाहुण्यांसमोर पाठमोरं उतरायची लाज वाटायची. मला माहीत होतं, आणि मला त्या पाहुण्यांचाही राग यायचा, त्यांचा काही दोष नसताना.

मग मुलाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. मुलीकडचे लोक घर बघायला येणार म्हटल्यावर त्याला एकदम आपला जिना जुनाट दिसायला लागला. पायऱ्यांवर काळा ग्रॅनाइट, रेलिंगला काच, भिंतीला लाकडासारखं पॅनेल आणि त्यात लपवलेले लाइट, असं सगळं चित्र त्याने मोबाइलवर करून आणलं. चित्रात जिन्यावर एक गोरी बाई हातात कॉफीचा मग घेऊन उभी होती. तिला दोन्ही हात होते, रेलिंगची गरज नव्हती.

मी म्हटलं, "सगळं कर. फक्त भिंतीकडून एक पाईप लाव. म्हणजे पप्पा सरळ उतरतील."

"मम्मी, दोन्हीकडून पाईप? हॉस्पिटल वाटेल."

हॉस्पिटल! ज्या हॉस्पिटलात मी खुर्चीवर बसून रात्री काढल्या, तिथून तो बापाला खांद्याचा आधार देऊन गाडीत बसवून घेऊन आला होता. तोच मुलगा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे पलंगावरून हळूच म्हणाले, "क... कशाला गं. छान दिसेल काच." आणि मला मुलापेक्षा यांचाच जास्त राग आला. झटका आल्यापासून या माणसाचं प्रत्येक गोष्टीला 'कशाला'. भाजी कोणती करू, कशाला. नवा शर्ट आणू, कशाला. जो माणूस बांधावर शेतकऱ्याशी तासभर हुज्जत घालायचा, तो स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताला धरायला पाईप मागत नव्हता.

रेलिंग बघायला मुलगा मला मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानात घेऊन गेला. तिथे भिंतभर रेलिंगचे तुकडे लावलेले होते. सोनेरी, काळे, गुलाबी झाक असलेले. दुकानदार कौतुकाने एकेकाला हात लावून दाखवत होता. त्याने आम्हाला जी काच दाखवली तिला वर काहीच नव्हतं, नुसती उभी काच आणि तिची धार. "हे लेटेस्ट आहे मॅडम. वर पाईप घेतला की लूक जातो."

"मग धरायचं कशाला?"

तो हसला. "मॅडम, आता धरतं कोण?"

"आमच्याकडे धरतात," मी म्हटलं, आणि इतक्या जोरात म्हटलं की पलीकडे टाइल्स बघणारं एक जोडपं वळून बघायला लागलं. मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून उभा राहिला. त्या दुकानात पायरीच्या कडेला लावायची पितळी पट्टी होती, खांबाच्या टोकाला बसवायचा काचेचा गोळा होता, आत लाइट लागणारा. माणसाने मुठीत धरावं असं तेवढं काही नव्हतं. शेवटी काचेवर पाईप घ्यायला मुलगा तयार झाला, तोही चेहरा पाडून. भिंतीकडच्या पाईपाचं मात्र तो नावच काढू देईना.

आणि त्यात आमचे भाऊजी. माझे धाकटे दीर सायखेड्याला शेती बघतात आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर वास्तूचे व्हिडिओ बघतात. ते आले, जिन्यासमोर उभे राहिले आणि बोटाने पायऱ्या मोजायला लागले. मोजून झाल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, पायऱ्या सम हायेत! सम पायऱ्यांच्या घरात पुरुष माणसाला तरास असतोच. दादाला उगं नाय झालं हे."

"वीस वर्षं याच पायऱ्यांवरून चढले-उतरले, भाऊजी. तेव्हा त्रास नव्हता?"

"ते लगेच नाय दिसत, वहिनी. लय हळूहळू दिसतं ते." आणि मग भिंतीकडे बोट. "ही दक्षिणेची भिंत. आई-अण्णांचे फोटो हितंच पाहिजेत. पाईप लावला तर जाणारा-येणारा फोटोला हात घासत जाईल. त्यांचा मान नको का राखायला?"

सासू-सासऱ्यांचा मान मी त्यांच्या हयातीत राखलाय, तेव्हा भाऊजी कुठे होते ते विचारू नका. मी म्हटलं, "गेलेल्यांना भिंत, आणि जिवंत माणसाला काय?" भाऊजींनी मुलाकडे बघितलं, मुलाने छताकडे. हे वरच्या खोलीत होते. दार उघडं होतं, म्हणजे यांना सगळं ऐकू गेलं असणार.

ग्रॅनाइटचं काम सुरू झालं. जुनं रेलिंग पायऱ्यांच्या बाजूला बसवलेलं होतं, त्यामुळे ते तूर्त तसंच ठेवलं होतं. मी ऑफिसला जायचे तेव्हा हे वरच असायचे, मिस्त्री गेल्यावर संध्याकाळी मी उतरवून घ्यायचे. एक दिवस मी घरी आले, पिशवी खांद्यावर, चप्पल अजून पायात. फाटकाची कडी वाजलेली यांनी ऐकली असणार, कारण मी दारात पाऊल टाकलं तेव्हा हे जवळजवळ खाली आले होते. पाठमोरे, नेहमीसारखे, माझी वाट न बघता. आणि जिन्याच्या तळाशी एक नवीन पायरी होती. ठेंगणी, काळी, चकचकीत. सकाळी ती नव्हती.

भाऊजींनी मुलाला फोन करून पटवलं होतं आणि मुलाने मिस्त्रीला फोन करून सांगितलं होतं. पायऱ्या विषम झाल्या, झालं काम. मला कुणी सांगितलं नाही. यांना तर नाहीच. यांचा पाय मागे आला, टेकला. दीड वर्षाच्या सवयीने यांच्या पायाला वाटलं, ही जमीन. यांनी रेलिंग सोडलं आणि वळले.

मी "थांबा!" ओरडले, ते उशिराच.

डोक्याला लागलं नाही, हे नशीब. कोपर सोलवटलं, ओठ फुटला, कंबर दुखावली. खाली पडल्यावर यांनी पहिला शब्द काढला तो 'सॉरी'. मला सॉरी म्हणाले! तो माणूस रक्ताळलेल्या ओठाने माझीच माफी मागत होता. मी यांना सोफ्यावर बसवलं, ओठाला बर्फ लावला, आणि मग जे फोन लावले ते गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेले असतील. मुलगा रडायला लागला, रात्रीच निघतो म्हणाला. भाऊजी मात्र शांतपणे म्हणाले, "बघा वहिनी. पायऱ्या विषम केल्या म्हणून थोडक्यात निभावलं. सम असत्या तर लय लागलं असतं."

मी फोन ठेवला. काही माणसांशी भांडायलाही मला आता कंटाळा येतो.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला ती पायरी फोडायला लावली. बसवलेली पायरी फोडणं अशुभ, असा भाऊजींचा निरोप आला. जे काही अशुभ असेल ते माझ्या नावावर टाका म्हणून मी कळवलं. छिन्नीचा प्रत्येक घाव मी हॉलमध्ये खुर्ची टाकून बघितला. मला फार बरं वाटलं, खोटं का सांगू.

कंबर बरी झाल्यावर मी यांना रिक्षात घालून अंबड लिंक रोडला एका फॅब्रिकेटरकडे घेऊन गेले. मुलगाही आला होता. हे रिक्षातून उतरायलाच तयार नव्हते. "कशाला... तू बघ ना." मी म्हटलं, "माझ्या हाताने धरायचाय का तो? उतरा."

शेडमध्ये वेल्डिंगचा वास, कोपऱ्यात पाईपांचे तुकडे उभे केलेले. मी यांना स्टुलावर बसवलं आणि एकेक तुकडा यांच्या डाव्या हातात देत गेले. चौकोनी पाईप मुठीत टोचला. मुलाच्या आवडीचा जाड सोनेरी पाईप एवढा मोठा होता की यांची बोटं त्याला पुरी वळेनात. एक फार बारीक निघाला, हातात फिरायला लागला. हे प्रत्येकाला 'चालेल' म्हणत होते आणि मी प्रत्येक तुकडा काढून घेत होते. मग एक साधा गोल स्टीलचा तुकडा दिला, घरच्या लाटण्यापेक्षा थोडा जाड. यांची बोटं त्याच्याभोवती मिटली. मी काढून घ्यायला गेले तर सोडेनात.

"हा," मी म्हटलं.

फॅब्रिकेटरला सांगितलं, शेवटच्या पायरीशी पाईप संपवायचा नाही, जमिनीवर दोन्ही पाय टेकेपर्यंत हातात राहिला पाहिजे. मुलगा इतका वेळ उभा होता, तो पुढे आला आणि म्हणाला, "आणि भिंतीपासून थोडा लांब ठेवा. पप्पांची बोटं घासायला नकोत." मग पॅनेलवाल्याला फोन करून त्याने पॅनेल रद्द केलं. मी त्याला शाबासकी दिली नाही. अजून माझा राग उतरला नव्हता.

पाईप बसला. फोटो तिथेच लागले, पाईपाच्या चांगलेच वर. आई-अण्णांना काही त्रास झालेला दिसत नाही.

सकाळी मी नेहमीसारखी जिन्याखाली जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पुढे करून. हे वर जिन्याच्या तोंडाशी आले, सवयीने पाठ फिरवायला लागले, मग थांबले. डावा हात भिंतीकडच्या पाईपावर ठेवला आणि समोर तोंड करून पहिली पायरी उतरले. दुसरी उतरले. मग मध्येच उभे राहून माझ्याकडे बघायला लागले.

"काय बघताय? खाली बघा, पायाकडे!"

"तुझं तोंड..." शब्द अडकला. मी वाट बघितली. "रोज असंच असतं?"

"कसं?"

"मला वाटायचं... तू मागे कंटाळून उभी असशील." पुढचा शब्द शोधायला यांना फार वेळ लागला. "तू तर घाबरलेली असतेस."

मला चिडून काहीतरी बोलायचं होतं. मी घाबरत बिबरत नाही, मला राग येतो, असं काहीतरी. पण दीड वर्ष या माणसाला माझी फक्त चाहूल मिळत होती पाठीमागे, आणि त्या चाहुलीचा अर्थ यांनी हा लावला होता. मला आणखी त्रास नको, म्हणून ते सगळं 'कशाला, कशाला'.

"हो बाजूला," हे म्हणाले. "येतो मी."

मी बाजूला झाले. हात मात्र तसेच पुढे राहिले.